तळ्याकडची वरची खोली

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिने आज जेवताना परदेशाचा विषय काढला. पंचवीस वर्षांच्या संसारात हिने स्वतःहून मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली एक इस्त्री होती. म्हणाली, "आपण तिघं कुठेतरी लांब जाऊ. डोंगर असतील, मोठं तळं असेल, अशा ठिकाणी. या मे महिन्यातच."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जाऊ की. मी निवृत्त झालेला असेन, हवे तेवढे दिवस राहता येईल."

"पुढच्या वर्षी नको."

"का?"

"नको म्हणजे नको."

ठकी ताटात बघत बसली होती. ठकी म्हणजे आमची कन्या, वय बावीस. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त कॉलेजात चालतं. एरवी अशा विषयावर ती गप्प बसणाऱ्यांतली नाही. परीक्षेचं टेन्शन असावं.

हो म्हटलं. पंधरा दिवसांची रजा सहज शिल्लक आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

देश ठरला, गाव ठरलं. तळ्याच्या काठावरचं गाव, पलीकडे बर्फाचे डोंगर. उतरायचं कुठे यावर मात्र गाडी अडली. एक तर हॉटेल, नाहीतर तिथली जुनी लाकडी पाहुणघरं. खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा, म्हणजे तो वाद नाही.

मी पाहुणघराच्या बाजूचा. एकतीस वर्षं लिफ्टच्या देखभालीत आहे, त्यातली निम्मी हॉटेलांच्या लिफ्टांत गेली. पाहुण्याला हॉटेल पुढून दिसतं, मला मागून. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते, त्या शाफ्टच्या तळाशी काय काय साचतं ते मी काढलंय. प्रत्येक मजल्यावर तोच गालिचा, तेच चित्र, तोच वास. सुट्टीतही तेच बघायचं तर घरी बसलेलं काय वाईट? पाहुणघरात म्हणे घरमालक आपल्याबरोबर जेवायला बसतात. शंभर वर्षांचं घर, लाकडी जिने, अंगणापलीकडे न्हाणीघर.

ही म्हणाली, "हॉटेलच बरं."

"कारण?"

"बाथरूम खोलीत असतं. दिवे भरपूर असतात."

दिव्यांसाठी परदेशी जाणारी ही पहिलीच बाई असेल. ठकी म्हणाली, "आणि बाबा, लिफ्ट असते." लिफ्टवाल्याच्या मुलीने लिफ्टसाठी हट्ट धरावा, याचं हसू आलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज हिच्यावर चिडलो. चहाचा कप टेबलाच्या डाव्या कडेला ठेवला होता, चांगला डोळ्यांसमोर. हिने हात फिरवला आणि कप खाली. गेल्या महिन्याभरातला हा तिसरा. बैठकीतलं स्टूल तर रोज हिच्या नडगीला भेटतं. मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" गुडघ्यावर बसून काचा वेचत राहिली. हाताने चाचपून वेचत होती, म्हटलं बोट कापून घेईल, तर ठकीने येऊन बाजूला केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू कप मीच फोडला.

आणि हीच बाई दुपारी एका झटक्यात सुईत दोरा ओवते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकातून रक्ताच्या काचा तपासतेय, नजर घारीची. म्हणजे डोळ्यांचा प्रश्न नाही. धांदरटपणा, दुसरं काय. वयाचाही भाग असेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी फिरायला गेलो. दिवे लागायच्या सुमाराला हिने माझा दंड धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. आजकाल रोजच धरते. तरुणपणी रस्त्यात हात लावला तर लाजून मरायची. मी म्हटलं, "पन्नाशीत प्रेम उतू चाललंय." हसली. बरं वाटलं.

स्कूटर विकू म्हणते. रहदारी फार वाढलीय म्हणे. शनिवारी दोघी मायलेकी मैत्रिणीकडे जातात, तेही रिक्षाने. येताना हिचे डोळे लाल असतात. मैत्रिणीचं काहीतरी रडगाणं असणार, मी विचारत नाही.

४ मार्च, बुधवार

कामावर वाईट दिवस. आमच्यातल्या दाढीवाल्या फिटरला साखरेमुळे एका डोळ्याने नीट दिसत नाही, आणि त्याने हे दीड वर्ष लपवलं. मला कळलं कसं, तर केबिन आणि मजला यांची पातळी जुळवताना अर्धा इंच फरक राहिला आणि तो म्हणाला, बरोबर आहे. अर्धा इंच म्हणजे काय हे मला विचारा. अर्ध्या इंचाला माणूस अडखळतो, म्हातारं माणूस पडतं, आणि पडलेलं म्हातारं माणूस पुष्कळदा उठत नाही. मी त्याच दिवशी वर कळवलं. त्याला शाफ्टवरून काढून गोदामात बसवलं. तो माझ्याशी बोलला नाही. न बोलू दे.

रात्री जेवताना दोघींना सांगितलं. म्हटलं, "आजार झाला याचा राग नाही. लपवलं याचा आहे. मला विचारलं असतं तर मीच काय करायचं ते ठरवलं असतं."

हिचा घास हातातच राहिला होता. मग म्हणाली, "त्याला किती वाईट वाटलं असेल." बायकांचं मन.

१४ मार्च, शनिवार

राहायच्या जागेचा आज निकाल लावला. ठकीने तीन हॉटेलं काढून आणली होती. मी पाहुणघराचे फोटो दाखवले. काळसर लाकूड, छोट्या खिडक्या, प्रत्येक खोलीत एकच पिवळा दिवा.

हिने फोटो हातात घेऊन, अगदी नाकाशी धरून, तुकड्या तुकड्याने बघितला. म्हणाली, "जिन्याला कठडा आहे का? दोन्ही बाजूंनी?"

"अगं, आपण राहायला चाललोय, परीक्षण करायला नाही. ते काम माझं."

"आईला हॉटेल हवंय," ठकी म्हणाली. "तिने मागितलेली ट्रिप आहे ना ही? मग तिला हवं तिथे राहू."

मी म्हटलं, "तुम्ही दोघी एक झालात की मी बोलायचंच नाही का? एकतीस वर्षांत मी सुट्टीसाठी काय मागितलं?" आवाज चढला, कबूल करतो. ठकी उठून उभी राहिली. "बाबा, तुम्हाला एक गोष्ट..." एवढं म्हणाली आणि हिने तिचं मनगट धरलं.

"पाहुणघरच घेऊ," ही म्हणाली. "यांना किती हौस आहे ते दिसतंय ना. मला कुठेही चालेल."

ठकी आत जाऊन दार लावून बसली. ती कोणती गोष्ट, ते मी नंतर विचारलं. "काही नाही," म्हणाली. असेल एखादा मुलगा. योग्य वेळी सांगेल.

१९ एप्रिल, रविवार

पाहुणघराकडून पत्र आलं. त्यांनी काहीतरी घोळ घातलाय. मी तळ्याकडची वरची खोली सांगितली होती, त्यांनी तळमजल्यावरची मागची खोली लिहिलीय, आणि वर "आपल्या विनंतीप्रमाणे" असंही लिहिलंय. मागच्या खोलीतून तळं दिसत नाही. लगेच उलट लिहून वरची पक्की केली. स्वतः लक्ष घातलं नाही की असं होतं.

ठकीला सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाली. हिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. थंडी गेली तरी हिचे डोळे कोरडे पडतात म्हणे. लॅबमधल्या एसीमुळे.

९ मे, शनिवार

पोचलो. जागा फोटोहून सुंदर. मालकीणबाई साठीच्या, गोल, तोंडभर हसणाऱ्या. मोडकं इंग्रजी त्यांचंही आणि आमचंही, त्यामुळे छान जमलं. संध्याकाळी मोठ्या टेबलावर सगळे एकत्र जेवलो. सूप, पाव, भाजलेले बटाटे. ठकीने हिच्या वाटीची, चमच्याची, ग्लासची जागा हिच्या कानाशी लागून सांगितली. आईचे लाड चालू आहेत.

जिना बघून मी खूश. सरळ, उभा, बारा पायऱ्या, एका बाजूला कठडा म्हणून दोर बांधलाय. सवयीने टेप काढून मोजला. सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच आहे. जुन्या सुताराने अंदाजाने बसवलेली. आमच्याकडे असं काम कुणी केलं असतं तर मी सही केली नसती, पण इथे त्याचीच मजा वाटली. दोघींना बोलावून दाखवली. हिने पायाने ती पायरी दोन-तीनदा चाचपली. म्हणाली, "सातवी." लहान मुलाने पाढा पाठ करावा तसं.

१० मे, रविवार

दिवसभर तळ्याकाठी. ही एका बाकावर दोन तास बसली, हलेना. मी प्रत्येक डोंगराचं नाव नकाशावरून वाचून दाखवत होतो, उंचीसकट. म्हणाली, "जरा वेळाने सांगा हं." दमली असावी. मग डोकं हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघत राहिली, भिंत रंगवणारा माणूस ब्रश फिरवतो तसं.

आता सात वाजत आलेत. बाहेर अजून थोडा उजेड आहे, आत मात्र पिवळा दिवा लावावा लागला. ठकी मालकीणबाईंना ताटं मांडायला मदत करायला गेलीय. मी खिडकीशी लिहितोय. तळं जांभळं झालंय. हेच हॉटेलात असतो तर समोर गाड्यांचा तळ दिसला असता. ही म्हणतेय, "जरा खाली येता का माझ्याबरोबर? न्हाणीघरात जायचंय." म्हटलं, चार ओळी राहिल्यात, तू हो पुढे. अजून उभीच आहे. "बॅटरी देता का?" म्हणते. म्हटलं, अगं बारा तर पायऱ्या आहेत, कशाला हवी. गेली. बायकांना घरातल्या घरात सोबत लागते. उद्या बोटीत बसायचं ठरलंय, त्यासाठी सकाळी

१२ मे, मंगळवार

हॉस्पिटल. कागद मिळाला नाही म्हणून वहीच आणली.

आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बॅग टाकली.

ती खाली जिन्याच्या तोंडाशी पडली होती. तिथे दगडी उंबरा आहे, त्याच्या कोपऱ्यावर चेहरा आपटलेला. उजवी बाजू. गळपट्टीचं हाड मोडलंय, मनगट मोडलंय. ते जुळेल. उजवा डोळा फुटला. तो शब्द डॉक्टरीणबाईंनी दोनदा वेगवेगळ्या प्रकारे सांगितला, कारण मला कळत नव्हतं. रविवारीच ऑपरेशन केलं. डोळा जागेवर ठेवलाय, दिसणार नाही.

मी म्हटलं, "एक डोळा आहे ना. एका डोळ्यावर माणसं सगळं करतात."

डॉक्टरीणबाईंनी ठकीकडे बघितलं. मग विचारलं, "काचबिंदू कधीपासून आहे?"

मी म्हणालो, कुणाला? ठकी म्हणाली, "चार वर्षं दोन महिने. डावा आधीच गेल्यासारखा होता. उजव्याने समोरचं बारीक दिसायचं, बाजूचं नाही. पाइपातून बघितल्यासारखं. अंधारात काहीच नाही." तिने पर्समधून एक फाईल काढून दिली. जाडजूड फाईल. शनिवारच्या तारखा. मैत्रीण वगैरे कुणी नव्हती.

मी ठकीला म्हटलं, "तुला माहीत होतं."

"तळमजल्याची खोली मी मागितली होती, बाबा."



१३ मे, बुधवार

मालकीणबाई आमचं सामान घेऊन आल्या. हिचे कपडे धुऊन, इस्त्री करून आणले होते. खुर्चीवर बसून रडल्या. त्यांच्या घरात चाळीस वर्षांत कुणी पडलं नव्हतं म्हणे. मी त्यांना सातव्या पायरीचं सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं, सवयीने पाय बरोबर पडतो. मला माहीत होतं. मी मोजली होती.

ही शुद्धीवर आहे. डोळ्यांवर पट्टी, दोन्ही. माझ्या पावलांचा आवाज ओळखून म्हणाली, "जेवलात का?"

मी विचारणार होतो, का लपवलंस. जेवलो म्हणून सांगितलं. जेवलो नव्हतो.

१५ मे, शुक्रवार

कामं हातात घेतली. विमानकंपनीशी बोललो, डॉक्टरांनी आठवडाभर तरी प्रवास नको म्हटलंय. रजाही वाढवून घेतली. घरी गेल्यावर काय काय करायचं याची यादी केली: स्टूल काढणे, गॅसच्या जागी विजेची शेगडी, बाथरूममध्ये कठडे, दिवसभराची बाई. हिच्या लॅबच्या प्रमुखांनाही फोन केला. म्हटलं, ती आता काचा तपासू शकणार नाही, तिच्या वतीने राजीनामा पाठवतो.

ते म्हणाले, "काचा? त्या तर गेलं दीड वर्ष नोंदणीच्या काउंटरवर आहेत. त्यांनी स्वतःच येऊन डोळ्यांचं सांगितलं होतं. फोनवर त्यांच्याइतकं चांगलं बोलणारं आमच्याकडे कुणी नाही. राजीनामा कशाला?"

बाहेर व्हरांड्यात बराच वेळ उभा राहिलो. सगळ्या लॅबला माहीत. रिक्षावाल्यालाही माहीत असेल.

आत येऊन तिला विचारलंच. "तिकडे सांगितलंस, मला का नाही?"

तिने चांगल्या हाताने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तिथे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्हाला काय काय जमेल. तुम्ही विचारलं नसतं. तुम्ही ठरवलं असतं."

"तुझ्या भल्याचंच ठरवलं असतं."

"हो ना," ती म्हणाली. "त्या फिटरचंही भल्याचंच ठरवलंत."

त्या फिटरचा इथे काय संबंध हे मला अजून नीट कळलेलं नाही. ती सुरक्षेची बाब होती. पण झोप लागत नाहीय.

१७ मे, रविवार

डाव्या डोळ्याची पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली. ती म्हणाली, "तीन." मग हात जरासा सरकवला, तेवढा वीतभर, तर म्हणाली, "आता हात कुठे गेला?"

मी खिडकीकडे वळलो. ठकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात असं काही करायची पद्धत नाही.

हा डोळा किती दिवस साथ देईल, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्ष, कदाचित कमी. म्हणून या मे महिन्यातच. पुढच्या वर्षी नको.

२० मे, बुधवार

हॉस्पिटलमधून सोडलं. हॉटेलात आलो, ठकीने फेब्रुवारीत काढलं होतं तेच. चौथा मजला. लिफ्टची पातळी तंतोतंत. दारात उभा राहून मी दोन वेळा बघितलं. खोलीत स्विच कुठेही दाबा, लख्ख उजेड. बाथरूम सात पावलांवर, तिने मोजली. गालिचा तोच, चित्र तेच, वास तोच.

ठकीने तिला भिंतीला हात लावून एकदा खोली फिरवून आणली. मी मागोमाग, दोन्ही हात पुढे करून. ती थांबली. "तुम्ही बसता का जरा? तुमचा श्वास ऐकू येतो मला मानेजवळ."

बसलो. मी घरच्या कामांची यादी वाचून दाखवली. ऐकून घेतली. म्हणाली, "स्टूल काढा. बाई नको. शेगडीचं मी बघते. राजीनाम्याचं मला कुणी विचारलं नाही, पण ते लॅबमधले मला फोनवर सांगत होते." मी म्हटलं, मी फक्त मदत करत होतो. ती म्हणाली, "माहितेय मला."

यादी फाडली नाही. वहीत ठेवलीय. त्यातलं काही तरी लागेलच.

२२ मे, शुक्रवार

उद्या निघायचं. सकाळी तिने तळ्यावर न्यायला सांगितलं. मी म्हटलं, ऊन आहे, गर्दी असेल, गळ्यात हात अडकवलेला, धक्का लागला तर? ठकी काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "चला."

दुपारी बाराचा उजेड. धक्क्याच्या टोकाला गेलो, कारण तिथून पूर्ण रांग दिसते. तिने माझा दंड धरला होता. धक्क्याला कठडा नाही, पाणी दोन्ही बाजूंना. मी तिला मध्यावर उभं केलं आणि स्वतः कडेच्या बाजूला, थोडा पुढे उभा राहिलो, म्हणजे तोल गेला तर मी आधी आडवा येईन. ठकी मागे.

मी म्हटलं, "समोर बघ, तो मोठा जो आहे ना, त्याच्या..."

"सांगू नका," ती म्हणाली. "मला बघू दे."

तिने मान उजवीकडे नेली आणि हळूहळू डावीकडे आणायला लागली. अर्ध्यावर आली आणि थांबली. पुन्हा उजवीकडून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबली. मला वाटलं, दुखतंय. मी विचारलं, काय झालं.

"तुम्ही मध्ये येताय," ती म्हणाली.

मी तिचा हात ठकीच्या हातात दिला आणि मागे जाऊन उभा राहिलो. तिथून मला तिची पाठ दिसत होती, आणि मान, सावकाश फिरणारी. ती कडेपासून चार पावलांवर होती. मी पावलं मोजली, पण जागचा हललो नाही. किती वेळ ते घड्याळात पाहिलं नाही. तिने निघू म्हटल्यावर निघालो.